कासवाचे थांबे

टिकोबाला टिकोबा हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. पण नाव अगदी मापात बसलं. माणूस अकरा वर्षं दुसरं काही करतच नव्हता. टिक मारायची, नाहीतर फुली मारायची. बस्स.

त्याआधी तो एका गोदामाच्या दारात उभा राहून आत जाणारी पोती मोजायचा. गोदाम बंद पडलं आणि कुणीतरी सांगितलं, की टीव्हीवाल्यांना न चुकता मोजणारा माणूस हवाय. हा गेला. म्हटलं पोती काय, पोरं काय, मोजायचंच आहे.

काम सांगायला सोपं होतं. टीव्हीवर लहान मुलांना वाचायला शिकवणारा एक कार्यक्रम लागायचा. त्यात एक कापडाचं कासव होतं आणि एक ताई होती. ताई फळ्यावर शब्द दाखवायची आणि कासव पोरांना विचारायचं, "सांगा बघू, हा शब्द कोणता?" कार्यक्रमाचा कुठलाही तुकडा लोकांना दाखवायच्या आधी चाचणीच्या खोलीत यायचा. तीन मिनिटांचा तुकडा. खोलीत सतरंजीवर चार पोरं बसवायची, समोर टीव्ही. टीव्हीच्या शेजारी एक रंगीत दिवा गरगर फिरत असायचा, त्याला सगळे भुलवणी म्हणायचे. पोराचं टीव्हीत मन नसलं की ते भुलवणीकडे बघणार, सतरंजीचे धागे ओढणार, नाहीतर शेजारच्याला चिमटा काढणार. आणि टीव्हीकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून, बिनपाठीच्या स्टुलावर बसलेला टिकोबा. कानात यंत्र. तुकडा सुरू झाला की दर पाच सेकंदांनी कानात 'टक' व्हायचं. टक झालं की चारही तोंडांवरून नजर फिरवायची. डोळे टीव्हीवर असले तर टिक, नसले तर फुली. तीन मिनिटांत छत्तीस वेळा. कागद वर साहेबांकडे. जिथे फुल्या जास्त, तिथे तुकडा कापायचा.

आता गंमत बघा. अकरा वर्षं हा माणूस त्या कार्यक्रमाच्या हातभर अंतरावर बसला, पण त्यानं तो कार्यक्रम कधी बघितला नाही. कासव हिरवं आहे की निळं, त्याला माहीत नव्हतं. घरी नात बघायची तेव्हा हा कामावर असायचा, आणि सुट्टीच्या दिवशी ते संगीत नुसतं कानावर आलं तरी त्याचे गुडघे दुखायला लागायचे.

पाठ तर कायमचीच दुखायची. हल्ली हल्ली डोळेसुद्धा. वय झालं म्हणा, कंटाळा म्हणा. सकाळी स्टुलावर बसताना तो "चला" म्हणायचा, ते पोरांना नाही, स्वतःच्या कमरेला.

त्या आठवड्यात जरा वेगळा तुकडा आला. तो कात्रीबाईंचा होता.

कात्रीबाई म्हणजे तुकडे कापून जोडणारी बाई. कात्री जाऊन कॉम्प्युटर येऊन किती वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. पन्नाशीची, किडकिडीत, तोंडाची फटकळ. त्यांनी या तुकड्यात पाच थांबे घातले होते. म्हणजे काय, तर कासव विचारणार, "हा शब्द कोणता?" आणि मग सहा सेकंद कुणी काही बोलायचं नाही. संगीत नाही, काही नाही. पोरांनी वाचायचं. मग कासव उत्तर सांगणार. पूर्वी असे थांबे कार्यक्रमात भरपूर होते म्हणे. आता एकही उरला नव्हता. कासव विचारायचं आणि स्वतःच सांगून मोकळं व्हायचं.

"कासव असून धापा टाकतंय मेलं," कात्रीबाई म्हणायच्या.

साहेबांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की तीन गटांवर चाचणी घेऊ. शंभरात नव्वद टिका आल्या तर थांबे ठेवू. नाही आल्या तर विषय संपला, यापुढे कार्यक्रमात एका सेकंदाच्या वर शांतता नको.

पहिल्या दिवशी दुपारी कात्रीबाई बाहेर पायरीवर टिकोबाची वाट बघत उभ्या.

"काय टिकोबा, कसं झालं?"

"कागद वर गेलाय बाई."

"अहो, तोंड तर खाली आहे ना तुमचं? त्यानं सांगा."

"चाचणी संपेपर्यंत नाही सांगत, माहितीय तुम्हाला."

"माहितीय. तरी विचारते. सवय आहे माझी भिंतीवर डोकं आपटायची."

टिकोबा हसला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोन गट झाले होते आणि थांबा आला की पोरांचे डोळे टीव्हीवरून हलत होते. एक छताकडे बघत होतं, एक खिडकीकडे, एक स्वतःच्या गुडघ्याकडे. टक झालं की फुली. टक, फुली. सहा सेकंदांच्या थांब्यात एकदा तरी टक व्हायचंच.

तो थकून घरी आला. घरात तो, त्याची मुलगी आणि नात. मुलगी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला, तिची संध्याकाळची पाळी. त्यामुळे नातीचा अभ्यास आजोबांकडे. नातीला घरात भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी बसली असं अजून कुणी पाहिलेलं नव्हतं. साडेसात वर्षांची. बोलायला तेज. पण वाचता येत नव्हतं. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं होतं, की पुस्तक घडाघडा म्हणते खरी, पण चित्रावर हात ठेवला की अडली. नुसतं पाठ करते.

मुलगी तेव्हा बापाला म्हणाली होती, "बाबा, तुमचा कार्यक्रम रोज बघते हो ती. एक दिवस चुकवत नाही."

'तुमचा कार्यक्रम'. टिकोबाला ते लागलं होतं.

त्या संध्याकाळी त्यानं पुस्तक उघडलं, चित्रावर हात ठेवला आणि एका शब्दाखाली बोट धरलं.

"हं. हा कोणता?"

भिंगरीनं शब्द बघितला आणि मान वळवून भिंतीकडे बघायला लागली.

"इकडे बघ."

तिचं लक्ष नाही.

"अगं, पुस्तक इथे आहे. भिंतीवर काय लिहिलंय? इकडे बघ! खडक. ख, ड, क. खडक. चल पुढचा."

पुढचा शब्द. पुन्हा तेच. ही बया भिंतीकडे.

"भिंगरे! कान धरू का?"

"थांब ना रे आजोबा!" ती एकदम ओरडली. "सारखा बोलतोस मधे. मी बघतेय ना!"

"भिंतीत?"

"भिंतीत नाही. डोक्यात. पुस्तकात बघितलं की डोक्यात दिसत नाही."

टिकोबा गप्प बसला. पटलं वगैरे काही नव्हतं, दिवसभराचा दमलेला होता, वाद कोण घालणार. गप्प बसल्या बसल्या जुन्या सवयीनं तो मनात मोजायला लागला. एक पोतं. दोन पोती. तीन पोती. भिंगरीचे डोळे भिंतीवर आणि ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. चौथं पोतं दारातून आत जाता जाता ती म्हणाली, "गवत."

गवतच होतं.

"बघ," ती म्हणाली. "आता पुढचा दे, आणि बोलू नकोस."

पुढच्या शब्दाला ती छताकडे बघत बसली आणि चुकली. त्याच्या पुढचा बरोबर आला. टिकोबा एक अक्षर बोलला नाही. हातात पेन्सिल नव्हती हेच बरं होतं. असती तर त्यानं तिच्या नावापुढे तीन फुल्या मारल्या असत्या, आणि त्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर असत्या.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. मुलीनं पाळीवरून आल्यावर विचारलं, तर म्हणाला, "पाठ दुखतेय." ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिसरा गट बसला. लाल स्वेटरवाला एक, दोन वेण्यांवाली एक, पुढचे दात पडलेला एक, आणि एक एवढीशी, जी सारखी नाक ओढत होती. तुकडा सुरू झाला. कासवानं विचारलं आणि थांबा आला. डोळे टीव्हीवरून हलले. टिकोबानं नियमानं फुल्या मारल्या, पण या वेळी नजर डोळ्यांवरून घसरून खाली आली. लाल स्वेटरवाला छताकडे बघत ओठ हलवत होता. वेणीवाली गुडघ्यावर बोटानं काहीतरी गिरवत होती. दात पडलेला तिच्या कानात कुजबुजला आणि ती रागावून म्हणाली, "मला सांगू नको!" फक्त नाक ओढणारी खरोखर भुलवणीकडे बघत होती.

चार फुल्या. त्यातली एकच फुली खरी. तरी चारही मारल्या त्यानं, कारण टक झालं तेव्हा चौघांचेही डोळे टीव्हीवर नव्हते. बघितलं नाही ते बघितलं म्हणून लिहिणं त्याला गोदामापासून जमलेलं नव्हतं.

मग कागद घेऊन तो स्वतः साहेबांकडे गेला. एरवी कागद शिपाई न्यायचा.

साहेब तरुण होते, वाईट नव्हते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर तीन फोन आणि एक अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

"या काका. तुम्ही कसे काय वर? गुडघे बरे दिसतायत."

"गुडघे गेलेच आहेत साहेब. एक बोलायचं होतं." आणि त्यानं सांगितलं. ओठ, गुडघ्यावरचं बोट, भिंत, नात, सगळं. लांबण लागली. बोलायची सवय नव्हती त्याला.

साहेबांनी ऐकून घेतलं, मधे फोन दोनदा कापला. मग म्हणाले, "काका, कागदावर ओठांचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग मी वर काय पाठवू? ओठ हलत होते असं टिकोबा म्हणाले? माझ्याही वर कुणीतरी आहे. त्यांना टक्के कळतात." त्यांनी कागद बघून आकडे मांडले. "ब्याऐंशी. तिन्ही गटांचे मिळून ब्याऐंशी."

"पण साहेब, पोरं वाचत होती."

"असतील. मी नाही म्हणत नाही." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही अकरा वर्षांत पहिल्यांदा वर आलात, म्हणून एक करतो. बाईंना सांगा, तुकडा पुन्हा कापा. गुरुवारी परत चाचणी. काय ठेवायचं, काय काढायचं, त्यांचं त्या बघतील. मला फक्त नव्वद दाखवा. नव्वद आले की मी विचारणार नाही."

जिने उतरताना टिकोबा दोनदा थांबला. एकदा गुडघ्यासाठी.

कात्रीबाईंची खोली तळमजल्यावर टोकाला. खिडकी नाही, कॉम्प्युटरचे दोन पडदे आणि पायाखाली वायरींचा गुंता. टिकोबानं निरोप सांगितला.

"नव्वद म्हणजे थांबे काढा," त्या म्हणाल्या. "सरळ सांगत नाहीत एवढंच."

"बाई, माझ्या फुल्यांमुळे किती थांबे गेले? अकरा वर्षांत?"

"सोडा हो. तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही केलं."

"किती गेले?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, एक खुर्ची ओढून दिली आणि कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. "कापलेलं फेकवत नाही माझ्याच्यानं. घरी पण असंच आहे, सुतळीचे तुकडेसुद्धा ठेवते, पोरगा ओरडतो. हे सगळे थांबे एकापुढे एक लावून ठेवलेत. कुणाला दाखवले नाहीत अजून. हसाल."

पडद्यावर कासव आलं. हिरवं होतं. पाठीवर ठिगळं, एका डोळ्याचं बटण जरा सैल. ते काही बोलत नव्हतं. नुसतं समोर बघत होतं, मान किंचित वाकडी करून, समोरच्याचं उत्तर ऐकायला बसल्यासारखं. मग दुसरा थांबा. तेच कासव, दुसरा फळा, दुसरा शब्द. मग तिसरा. अधेमधे एखाद्या थांब्यात जरा मान हलवायचं. एकदा ताईला शिंक आली होती ती दाबून धरलेली दिसत होती. बाकी काही नाही. कासव वाट बघतंय. पुढे वाट बघतंय. आणखी पुढे वाट बघतंय.

अकरा वर्षं ज्या कार्यक्रमाच्या शेजारी बसला, त्यातलं टिकोबानं पहिल्यांदा बघितलं ते हे.

"किती वेळ आहे हे?" त्यानं विचारलं.

"पन्नास मिनिटं."

तो हसला नाही. बाईही हसल्या नाहीत. दोघं त्या कासवाकडे बघत बसले. शेवटी टिकोबानं खिशातली पेन्सिल काढली आणि टेबलावर टक केलं. मग काही वेळानं पुन्हा टक. पुन्हा टक. त्याला घड्याळ लागत नव्हतं, अकरा वर्षांत ते पाच सेकंद त्याच्या हाडात गेले होते.

"काय लावलंय?" बाई वैतागल्या.

"बाई, माझ्या कानातलं टक कधी सुरू होतं?"

"तुकड्याच्या पहिल्या चित्राबरोबर. यंत्रच सुरू करतं."

"दर वेळी?"

"दर वेळी. का?"

"टक झालं की मी बघतो आणि लिहितो. एका टकपासून दुसऱ्या टकपर्यंत पोरं कुठे बघतात, ते मला कुणी विचारलेलं नाही. अकरा वर्षांत कुणीच नाही."

कात्रीबाईंचा हात मधल्यामधे थांबला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"टिकोबा," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही भलतेच चालू निघालात."

"मी कुठे काय म्हटलं? मी आपला माझं काम कसं चालतं ते सांगतोय."

"तेच तर." त्या आता पडद्यात घुसल्या होत्या. "टक झालं, कासव विचारणार, थांबा. मग पुढच्या टकच्या जरा आधी उत्तर. उत्तराला पोरं वर बघतात?"

"बघतात. सगळी. आपलं बरोबर आलं का ते बघायला. तेव्हा तर भुलवणीला आग लागली तरी वळायची नाहीत."

"मग सहा सेकंद नाही मिळणार. साडेतीन. फार तर पावणेचार."

टिकोबाला भिंगरीचं चौथं पोतं आठवलं. "जरा कमीच पडतील."

"पडतील. पण आत्ता तर शून्य आहेत." बाईंनी बाह्या सरसावल्या. "टक करा. थांबू नका. आणि मला चहा सांगा."

संध्याकाळपर्यंत तो टेबलावर पेन्सिल आपटत बसला. बाई कापत होत्या, सरकवत होत्या, शिव्या देत होत्या, एक थांबा एवढासा पुढे, दुसरा एवढासा मागे. शेवटी शेवटी कमर इतकी भरून आली, की तो उभं राहून टक करायला लागला.

गुरुवारी तीन गट बसले. टिकोबानं एकही खोटी टिक मारली नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. टक झालं, नजर फिरवली, जे दिसलं ते लिहिलं. टक. कासवानं विचारलं. डोकी खाली गेली, ओठ हलले, एक पोरगी सतरंजीवर अक्षर गिरवायला लागली. कासवानं उत्तर दिलं आणि चारही डोकी झटक्यात वर आली. टक. चार टिका. असं पाच वेळा, तिन्ही गटांत. बाकीच्या फुल्या होत्या त्या होत्या. एका पोराला शू लागली होती, त्याच्या ओळीला सलग सात फुल्या पडल्या. त्या त्यानं तशाच ठेवल्या.

चौऱ्याण्णव टक्के आले.

साहेब स्वतः खाली आले, हातात कागद घेऊन. "बघा काका! मी म्हणत होतो ना? थांबे काढले आणि कसा फरक पडला!"

टिकोबा पेन्सिलीला टोक काढत होता. "साहेब, एकदा तुकडा बघून घ्या तुम्ही."

"वेळ कुठे आहे हो. चौऱ्याण्णव आहेत, आणखी काय बघायचं? तुम्ही बघितलात ना?"

"मी पाठ करून बसतो साहेब. मला काय दिसणार."

साहेब हसले, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि फोन वाजला म्हणून बोलत बोलत निघून गेले. दाराशी कात्रीबाई उभ्या होत्या. टिकोबाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. नुसतं कपाळ खाजवलं आणि आपल्या खोलीत गेल्या.

तुकडा टीव्हीवर लागला त्या दिवशी त्याची सुट्टी होती. भिंगरी टीव्हीसमोर जमिनीवर, पाय ताणून. टिकोबा आला आणि कधी नाही ते बसायला जागा शोधायला लागला. शेवटी टीव्हीच्या शेजारचं बिनपाठीचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला, पाठ टीव्हीकडे.

"आजोबा, तिकडून काय दिसणार तुला? इकडे ये ना."

"बरोबर बसलोय. तू बघ."

संगीत लागलं. गुडघे दुखायला लागले. कासवानं विचारलं, "सांगा बघू, हा शब्द कोणता?" आणि खोली गप्प झाली. भिंगरीनं मान वळवून भिंतीकडे बघितलं. ओठ हलायला लागले. टिकोबा मनात म्हणाला, घाई नको, घाई नको, पण कासवाला तरी कुठे आणखी थांबायची परवानगी होती. कासव बोललं.

"गेलं," भिंगरी चिडली. "आलंच होतं मला. हे कासव मूर्ख आहे."

"त्याचा दोष नाही गं. पुढचा बघ."

पुढचाही गेला. तिसऱ्याला ती कासवाच्या आधी ओरडली, इतक्या जोरात की आतून तिच्या आईनं विचारलं, "काय झालं?" चौथा चुकला. पाचव्याला ती हळूच म्हणाली, कासवाच्या अगदी एक श्वास आधी, आणि बरोबर आला का ते बघायला टीव्हीकडे वळली.

टक, टिकोबाच्या डोक्यात वाजलं.

पाचात दोन. त्यानं कुठे लिहिलं नाही. स्टुलावरच जरा मागे रेलायला गेला, मागे टेकायला काही नाही हे विसरून, आणि पडता पडता टीव्हीला धरून सावरला.

"आजोबा, बाजूला हो," भिंगरी म्हणाली. "दिसत नाहीये."